कुत्र्यांचा रोट

भाताला विळा लावायच्या आधी घरची कुत्री सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या कातळमाळावर, नेऊन राखणदाराला दाखवायची, हा नारायणआबांच्या घरचा रिवाज. गावातले बाकीचे लोक राखणदाराला नारळ देतात, केळी देतात, नवस असेल तर आणखी काही देतात. कुत्री दाखवणारं घर मात्र हे एकच. का, तर गावाची सीम राखणारा तो देव फिरतीला निघतो तेव्हा त्याची स्वतःची कुत्री बरोबर असतात, आणि आपल्या कुत्र्यांची त्यांच्याशी ओळख करून दिली नाही तर ती आपल्यांना परकी समजून हाकलतात. हाकललेलं कुत्रं मग बिबट्याच्या तोंडी. आबांच्या लेकीला, सुमंगलाला, लहानपणी हे इतकं सरळ वाटायचं, की शाळेत नवे मास्तर आले तेव्हा त्यांनाही वर न्यायचं का, असं तिनं विचारलं होतं. आबा म्हणाले होते, मास्तरांक बिबटो खाणा नाय.

तर कुत्र्यांनी वर जायचं, त्यांच्यामागून घरच्या सगळ्यांनी जायचं, आणि वर गेल्यावर एका विशिष्ट फातरासमोर, म्हणजे दगडासमोर, गाऱ्हाणं घालून तांदळाच्या पिठाचा जाड रोट मोडायचा. पहिला तुकडा देवाला, दुसरा कुत्र्यांना, उरलासुरला माणसांना. त्या फातराला ना शेंदूर, ना घुमटी. सड्यावर तसले हजार फातर. त्यातला आपला कुठला हे घरात एकालाच पक्कं ठाऊक असतं, आणि त्यानं ती वाट तोंडानं सांगायची नसते, पुढे चालून दाखवायची असते. मागच्यांनीही काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही. पुढचा विसरला तर काय, हे कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण कुणी विसरलाच नव्हता.

यंदा मात्र तेच पाहायचं होतं.

आबांना एकोणऐंशी चालू होतं. सुमंगलाची आई, चंद्रावती, जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून आबा आणि दोन कुत्री, एवढंच घर. शेजारची शेवंती एक वेळचं जेवण द्यायची आणि दोन वेळची खबर घ्यायची. श्रावणात एका शुक्रवारी आबा म्हापशाच्या बाजाराला गेले, मिरच्या घेतल्या, आणि बसस्टँडवर येऊन बसले ते दुपार उलटेपर्यंत बसूनच राहिले. कुठल्या बसमध्ये चढायचं तेच आठवेना. शेवटी ओळखीच्या कंडक्टरनं हाताला धरून चढवलं. सुमंगला डिचोलीला राहते, तिला हे कळलं. तिनं ते पोटात ठेवलं. वर्षभर ती धाकट्या भावाला, रुद्रेशला, फोनवर एकच सांगत आली होती, आबा बरे आहेत, माझ्यापेक्षा बरे आहेत. पण शेवंतीनं परस्पर वास्कोला फोन केला. वीस वर्षं जहाजावर काढून आता बंदरातल्या कचेरीत बसणाऱ्या रुद्रेशनं सरळ हुकूम सोडला, दसरा झाला की मी आबांना घेऊन येतो. वास्कोचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथे आबा मावतील, दोन गावठी कुत्री मावणार नाहीत.

तेव्हा सुमंगलानं पैज मारली. बाबा रे, तू ये, कुत्र्यांच्या रोटाला ये. एका शब्दाचीही मदत न घेता आबांनी फातरापर्यंत नेलं, तर पुढच्या दसऱ्यापर्यंत हा विषय काढायचा नाही. नाही नेलं, तर त्यांचे कपडे मी माझ्या हातानं भरून देते. रुद्रेश म्हणाला, बरं. सुमंगलानं फोन ठेवला आणि मग आबांना वाट आठवेल का, याचा हिशोब करत बसली. आधी बोलायचं आणि मग घाबरायचं, हा तिचा जन्माचा क्रम.

आयतारी सकाळी निघाले तेव्हा वारा अंगावर येत होता. समुद्रात कुठेतरी वादळ अडकलं होतं, किनाऱ्याला लागतही नव्हतं आणि जातही नव्हतं. पाऊस नव्हता, पण ढग असे धावत होते की जणू त्यांचीच बस चुकली आहे. पुढे आबा, हातात काठी, डोक्याला पंचा. त्यांच्या पायात-पायात कॅप्टन आणि भिकी. कॅप्टनचं नाव रुद्रेशनं ठेवलेलं. जहाजावर त्याचं ज्या कॅप्टनशी पटत नसे त्याच्यावरून. भिकी आपली आपणच आली होती, म्हणून भिकी. मागे रुद्रेश, त्याची बायको समीक्षा, त्यांची कॉलेजातली मुलगी सोनाली, आणि सोनालीच्या काखेत बिस्किट नावाचं पांढरं, केसाळ, वास्कोचं कुत्रं. सगळ्यांत मागे सुमंगला, डोक्यावर रोटांची टोपली.

बिस्किटला उतरव, त्यालाही चालायला हवं, असं आबांनी दोनदा सांगितलं. त्याचे पाय खराब होतील, असं सोनालीनं एकदा सांगितलं. आबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मगे तो पाय घेऊन कित्याक इलो?"

समीक्षा इतकी हसली की तिला उभं राहावं लागलं.

हे हसणं ऐकलं आणि सुमंगलाचं मन वाऱ्याबरोबर मागे गेलं. असाच वारा होता. ती आठ-नऊ वर्षांची, रुद्रेश आबांच्या खांद्यावर. आई टोपली घेऊन चालताना सबंध चढ कुरकुरत होती, की या घरात कुत्र्यांना गरम रोट मिळतो आणि मला उरलेला गार. घाटी संपून सड्यावर पाय ठेवला मात्र, वाऱ्यानं आबांची छत्री उलटी केली, मग हातातून ओढली, आणि ती काळी छत्री गवतावरून उड्या मारत निघाली. आबा तिच्यामागे, आबांच्या मागे तेव्हाची चार कुत्री. छत्री थांबायची, आबा वाकायचे, छत्री पुन्हा निघायची. आई टोपली खाली ठेवून गवतात बसली आणि पोट धरून हसली. घरात तोंडाला पदर लावून हसणारी बाई उघड्या माळावर मोठ्यानं हसते, हे सुमंगलानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिला वाटलं होतं, आईला रोज इथे आणायला हवं. नंतर पुष्कळ गोष्टींसारखी ती गोष्टही राहून गेली.

काजूची बाग संपेपर्यंत आबा झरझर चालले. ओढ्यावरचा दगड कुठला हलतो, करवंदीच्या जाळीत कुठून शिरायचं, सगळं पायांना पाठ. रुद्रेशला धाप लागली होती आणि ती लपवायला तो मोबाईलवर फोटो काढत होता. सुमंगलाला मनातून उकळ्या फुटत होत्या. बघ म्हणावं, बघ, कोण कुणाला घेऊन जातंय.

आणि कुंभ्याच्या झाडापाशी वाट संपली.

झाड होतं, पण झाडाच्या पुढचा डोंगर नव्हता. कुणीतरी जेसीबी लावून सड्याची कड खरवडली होती. लाल मातीचा रुंद रस्ता आडवा गेला होता, दोन्ही बाजूंना ढिगारे. वर प्लॉट पाडत होते म्हणे. जुनी पायवाट त्या लाल जखमेत कुठे गडप झाली कळत नव्हतं. आबा थांबले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. वाऱ्यानं त्यांच्या डोक्यावरचा पंचा सुटला, तो त्यांनी हातात धरला आणि तसेच उभे राहिले. रुद्रेशनं बहिणीकडे पाहिलं. तिनं आकाशाकडे पाहिलं.

तिला ठाऊक होतं. वाट म्हणून शिकवली नव्हती कुणी, पण पंचवीस वर्षं मागून चालल्यावर बाईच्या जातीला काय कळत नाही? उजवीकडे. ढिगारा ओलांडून उजवीकडे, मग तेरेखोलची खाडी दिसू लागली की थोडं खाली. आपल्या फातराच्या पायाशी खोलगट वाटीसारखी जागा होती. दिवाळीपर्यंत त्यात पाणी असायचं, आणि रोट खाऊन तहानलेली कुत्री तिथे रांगेनं पाणी प्यायची.

सांगायचं नाही, हा नियम. पण कुत्र्यांना हाक मारायची नाही, असं कुठे म्हटलंय? सुमंगला हळूच उजवीकडे सरकली आणि टोपली सावरल्यासारखं करून म्हणाली, "कॅप्टन, यो यो. भिकी, यो गो."

कुत्र्यांनी कान टवकारले. दोघंही उजवीकडे दोन पावलं आली, आबांनीही मान वळवली, आणि त्याच क्षणी डावीकडच्या ढिगाऱ्यावरून एक मुंगूस पळालं. कॅप्टन आणि भिकी गोळीसारखी डावीकडे सुटली. एरवी पायरी उतरायलाही विचार करणारा बिस्किट सोनालीच्या काखेतून निसटला आणि त्यांच्यामागे गेला. सोनाली बिस्किटच्या मागे गेली. आबांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम निवळला. कुत्री गेली ती दिशा त्यांनाही पटली. "चला," म्हणाले, आणि डावीकडे चालू लागले.

सुमंगला मागून चालली. आपणच केलेला रोट डोक्यावर जड लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

डावीकडे सडा उघडाबोडका होता. पिवळं पडलेलं करड गवत एका अंगावर झोपायचं आणि उठायचं, जणू कुणी मोठा हात फिरवतंय. आबा चार फातरांपाशी रेंगाळले, पाचव्यापाशी थांबले. काठी टेकली. फातर म्हणण्यासारखा फातर होता, मोठा, काळपट. त्याच्या पायाशी वाटी नव्हती. अंगावर पांढऱ्या रंगानं मोजणीवाल्यांनी १७ लिहिलं होतं.

रुद्रेशनं विचारलं, हा आकडा कसला. आबा गंभीरपणे म्हणाले, "आता देवांकय नंबर घालूक लागले."

सुमंगलानं टोपली उतरवली. बोलायला तोंड उघडलं, पण आबांनी वहाणा काढून हात जोडले होते.

आणि मग गाऱ्हाणं सुरू झालं. सकाळी चहा घेतला की नाही हे ज्यांना आठवत नव्हतं, त्या आबांचा आवाज वाऱ्याच्या वर चढला.

"बा देवा म्हाराजा, सीमेच्या राखणदारा, बारा वाटांच्या धन्या, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सोनालीचं व्हय म्हाराजा वाऱ्यात अडकून थोडं उशिरा पोचलं.

आबांनी पूर्वजांची नावं घेतली, सात पिढ्या, एकही न चुकता. मग कुत्र्यांची. या घरचा तांबडो तू ओळखतंस, म्हणाले. वाघ्या ओळखतंस, राणी ओळखतंस. तिची पिल्लं काळो आणि सुंदरी. पुरात गेलेलो पिंटो. दुसरो वाघ्या, जो बाजारात आमच्यामागे येऊन म्हापशाक हरवलो आणि तीन दिवसांनी आपसूक घराक इलो. नाव घेतल्यागणिक सुमंगलाच्या डोळ्यांपुढे एकेक शेपटी हलत होती. पिंटो गेला तेव्हा रुद्रेश दोन दिवस जेवला नव्हता. तिनं तिरप्या नजरेनं पाहिलं. पन्नाशीचा रुद्रेश खाली बघून नाक पुसत होता, आणि वाऱ्याला दोष देता यावा म्हणून तोंड वाऱ्याकडे करत होता.

"आणि हो कॅप्टन, ही भिकी, आणि हो एक पांढरो, नातीचो. तुझ्या कुत्र्यांक सांग, ही आपली म्हणान. काय चुकला-माकला असात तां पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सुमंगला म्हणाली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाली.

रोट मोडला. कुत्र्यांनी खाल्ला, बिस्किटनं आधी वास घेतला, मग भिकीचाही तुकडा पळवला. माणसांसाठी रोटाबरोबर पाववाल्या पोदेराकडचे उंडे आणि चण्याची सुकी भाजी होती. समीक्षानं फातराच्या आडोशाला सतरंजी टाकली आणि वारा तिच्या चारही कोपऱ्यांवर माणसं बसवून अडवला. रुद्रेश ताटली घेऊन बहिणीशेजारी आला. हरलेला माणूस इतका खूश तिनं पाहिला नव्हता. म्हणाला, बाय, मी उगाच घाबरलो होतो. शेवंती तिखटमीठ लावते. सगळं पाठ आहे यांना. पुढच्या दसऱ्यापर्यंत शब्द काढणार नाही.

सुमंगलानं मान हलवली. झालं होतं तिच्या मनासारखं. भात कापून घरात येईल, आबा अंगणात बसतील, कुत्री पायाशी. ती संध्याकाळच्या बसनं डिचोलीला जाईल आणि उद्यापासून फोनवर सांगेल, बरे आहेत. आता ते खोटंही राहणार नव्हतं, सगळ्यांच्या साक्षीनं सिद्ध झालं होतं.

हात धुवायला म्हणून आबा उठले. थोडं पुढे गेले. पाण्याची बाटली घेऊन ती त्यांच्यामागे गेली. आबा सड्याच्या मध्यावर उभे होते. खाली एका बाजूला तेरेखोलची खाडी चमकत होती, दुसऱ्या बाजूला माडांत बुडालेला गाव, आणि त्यांचं स्वतःचं घर बोटानं दाखवता येईल इतकं स्पष्ट. ते दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होते. तिला पाहून त्यांनी आवाज खाली आणला, जणू काही लाजेची गोष्ट विचारायची आहे.

"गो, आपला घर खंयच्या बाजूक रवला?"

तिनं बाटलीचं झाकण उघडलं, त्यांच्या हातांवर पाणी घातलं, पदरानं हात पुसले. मग त्यांना धरून सतरंजीवर आणून बसवलं आणि सोनालीला म्हणाली, आजोबांना तुझ्या कॉलेजचं सांग काहीतरी, लांबलचक सांग.

पैज जिंकली तर उद्या सकाळी हा माणूस या डोंगराखाली एकटा उठणार होता. एवढी साधी गोष्ट वर्षभर तिच्या डोक्यात शिरली नव्हती. आबांना घरात ठेवायचं, म्हणून ती भांडली. त्यांच्याबरोबर घरात कोण, हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

ती रुद्रेशपाशी जाऊन बसली. "तो फातर आपलो न्हय," म्हणाली.

रुद्रेशला आधी कळलंच नाही. तिनं खोलगट वाटीचं सांगितलं, उजव्या बाजूचं सांगितलं, कुत्र्यांना हाक मारून केलेली लबाडीही सांगितली. आता आबांनी काय विचारलं तेही सांगितलं. म्हापशाचं तर त्याला ठाऊकच होतं. त्याशिवाय विसरण्याच्या आणखी दोन गोष्टी तिनं लपवून ठेवल्या होत्या, त्याही सांगितल्या. रुद्रेशच्या हातातला उंडो तसाच राहिला.

"मगे तू व्हय म्हाराजा कित्याक म्हटलंस?"

"सात पिढ्या आणि सगळी कुत्री घेऊन उभो होतो तो. मी नाय म्हणू?"

रुद्रेशनं उंडो ताटलीत ठेवला. मग वर्षभर माझ्याशी खोटं बोललीस, असं म्हणाला. ते रागानं नव्हे, दमून म्हणाला. सुमंगला म्हणाली, बोलले. पैज हरले, कपडे भरायला तयार आहे. पण आधी माझं ऐक. वास्कोत तू सकाळी कामावर, समीक्षा बँकेत, सोनाली कॉलेजात. आबा दार उघडून तीन जिने उतरले की पुढे काय? तिथे ते कुणाला विचारणार, आणि कुठल्या घराचं विचारणार? इथे चुकले तर निदान ज्याला विचारतील तो त्यांना नावानं ओळखतो.

"आणि सोबतीक कोण?"

"मी."

"आणि भावोजी?"

"त्यांना भात-आमटी येते. गेली तीस वर्षं येत नाही असं दाखवतात, तेवढंच."

समीक्षा इतका वेळ सतरंजीचा कोपरा दाबून बसली होती. ती म्हणाली, वन्सं, हे तुम्ही शंभूभावोजींना विचारलंय का? सुमंगला म्हणाली, अजून नाही. मग आधी विचारा, समीक्षा म्हणाली, आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार आमच्यावर टाका, नाहीतर तुम्हीच आधी आजारी पडाल. रुद्रेश म्हणाला, दिवाळीपर्यंत. दिवाळीपर्यंत बघू कसं जमतं. पुढचं तेव्हा. त्याच्या बोलण्यात होकार नव्हता, पण हुकूमही नव्हता.

उतरताना आबा मधे होते. एका बाजूनं रुद्रेश, दुसऱ्या बाजूनं सोनाली, आणि दोघांनाही आपण आजोबांना धरलेलं नाही असं दाखवायचं होतं. आबा वाटेत रुद्रेशला दुसऱ्या वाघ्याची म्हापशाची गोष्ट पुन्हा सांगत होते. रुद्रेशनं ती जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली, आणि तीन दिवस त्यानं खाल्लं काय, असं मधे विचारलंही.

घरी पोचल्यावर आबा सोप्यावर खुर्चीत बसले. वारा माडांच्या झावळ्या आपटत होता. सुमंगलानं अंगणात येऊन डिचोलीला फोन लावला. आज येत नाही, म्हणाली. उद्याही नाही. पलीकडून शंभूनं विचारलं, किती दिवस. तिनं तांदळाचा डबा कुठे आहे ते सांगितलं, गॅस रात्री खालून बंद करायचा ते सांगितलं. शंभू म्हणाला, डबा कुठे आहे ते मला माहीत आहे. तुझे कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन संध्याकाळी येतो. ठेव.

तिनं ठेवला नाही. सोप्यावरून आबा विचारत होते, कोणाचा फोन.

"शंभूचो," ती म्हणाली.

"कोण शंभू?"

सुमंगलानं फोन कानापासून थोडा दूर धरला. "माझो घोव, आबा."

आबांनी त्यावर नीट विचार केला. आठवलं की नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही.

"बरो आसा मां?"

"आसा."

"मगे जेवूक बोलय त्येका. माणूस एकटो कित्याक जेवता?"

सुमंगलानं फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे शंभूनं सगळं ऐकलं होतं. आबा जेवायला बोलावतायत, एवढंच तिनं सांगितलं, आणि बांगडे मिळाले तर घेऊन या म्हणून जोडलं. मग ती आत गेली आणि रात्रीच्या भाताला सहा जणांचे तांदूळ पाहू लागली. बिस्किट आधीच चुलीपाशी भिकीच्या जागेवर जाऊन झोपला होता.